एकदाच वाजतील अशा टेपा

[फोल्डर सापडला नाही.]

प्लेअरच्या इवल्याशा पडद्यावर ही ओळ सकाळपासून येत होती नि जात होती. उरोश चपलांच्या कपाटासमोर गुडघे टेकून बसला होता. कपाटावर राउटर. राउटरशेजारी जाडसर पुस्तकाएवढी काळी पेटी. पेटीत डिस्क. डिस्कमध्ये बाबा.

प्लेअर मात्र आतल्या खोलीत, बाबांच्या खुर्चीशेजारी. त्याला भिंतीपलीकडचे बाबा दिसत नव्हते.

फोनवर ऑस्ट्रियातल्या लिंत्सहून मिलेंको. उरोशचा थोरला भाऊ. प्लेअर आणि पेटी त्यानेच पाठवलेली. त्यामुळे सल्लाही त्याचाच.

"आता काय म्हणतोय?"

"फोल्डर सापडला नाही म्हणतोय."

"तू शेअर केलायस का पण?"

"केला ना."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? घराला."

"घराला! अरे, लग्नाचं आमंत्रण आहे का ते, घराला द्यायला? त्या प्लेअरला नाव दे, पासवर्ड दे. दार कोण वाजवतंय ते पेटीला कळायला नको?"

"दादा, मी पाण्याचे मीटर दुरुस्त करतो. पाणी असले नखरे करत नाही. पाइप जोडला की येतं."

"हो, आणि तू जोडलेला असला की गळतं."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "वाजवू नका हं!"

"वाजतच नाहीये, आई!"

"तेच म्हणते मी."

[मागे.]

वर्षभर त्या घरात गाणं वाजलं नव्हतं. नवरा, तोझा, गेला त्या दिवशी आईने, स्मिल्याने, रेडिओवर काळा रुमाल टाकला, डोक्याला दुसरा बांधला, आणि मग घरातला सूर न् सूर वेचून बाहेर काढला. टीव्हीवर बातम्या चालायच्या, पण बातम्यांआधीची धून वाजायची तेवढ्यापुरती ती रिमोट उचलून आवाज बंद करायची. वर्ष पाळायचं म्हणजे वर्ष पाळायचं. सर्बियातल्या या सोंबोरात सगळेच पाळतात. कोणी कमी, कोणी जास्त. आणि स्मिल्याची भिंत तर शेजारीण पेर्साच्या भिंतीला चिकटलेली. गल्लीच्या टोकाच्या एका विधवेने वर्ष व्हायच्या आत रेडिओ लावला होता, ती गोष्ट पेर्सा अजून सांगते. त्या विधवेची नातसुद्धा आता लग्नाला आली आहे.

त्यात हे घर तोझाचं. तोझा म्हणजे तंबुरित्सा: छातीशी धरायची, पपईच्या फोडीएवढी, नखीने छेडायची. लग्नं, बारशी, खानावळी, डॅन्यूबकाठच्या जत्रा. बोटं दुखेपर्यंत वाजवून पहाटे घरी यायचा आणि वर घरी परत वाजवायचा, ते खरं वाजवणं. ते त्याने स्वतःच मोठ्या चाकांच्या टेपांवर उतरवून ठेवलं होतं. मधेमधे बोलायचाही त्यात. सुरुवातीला खाकरायचा, तार चुकली की शिव्या द्यायचा. त्याच्या बोलण्याचा दुसरा पुरावा जगात कुठे नव्हता. फोटो होते, पण फोटो शिव्या देत नाहीत.

उद्या शनिवार. उद्या वर्ष पुरं. कबरीवर गहू आणि वाइन, मग घरी जेवण, आणि जेवणावर तोझा. स्मिल्याने हे कधीच ठरवून टाकलं होतं: घरातला पहिला आवाज त्याचा.

[अजून मागे.]

टेपा जुन्या होत्या, चिकट झाल्या होत्या. सुबोतित्सात असल्या टेपांचा एक जाणकार होता. त्याने त्या मंद आचेवर शेकून दिल्या आणि म्हणाला, "आता वाजतील. पण एकदाच वाजतील असं धरून चाला. त्या एकदामध्ये कॉपी करा. दुसऱ्यांदाचं मी बोलत नाही."

कॉपी मीच करून देतो, असंही तो म्हणाला होता. मिलेंको फोनवर म्हणाला, "दे त्याला, त्याचं काम आहे ते." उरोश म्हणाला, "बाबांच्या टेपा घराबाहेर राहणार नाहीत."

आईजवळ राहिलेल्या मुलाकडे चारचौघांत दाखवायला फार थोडं असतं. मिलेंकोकडे गाडी होती, बागेचं घर होतं, लिंत्स होतं. उरोशकडे टेपा होत्या.

तर हिवाळ्यात त्याने बाबांच्या खोलीत टेपरेकॉर्डर मांडला, शेजारी लॅपटॉप, मध्ये वायर. शेगडी स्वयंपाकघरात, म्हणून मधलं दार उघडं. स्पीकर काढून पलंगाखाली सरकवले. कारण आई दारात उभी राहिली होती.

"वाजवायचं नाही."

"वाजणार नाही, आई. एका मशीनमधून दुसऱ्यात जाईल. मुकाट्याने."

"आणि ते कानात घालायचं असतं ते?"

"हेडफोन? ते तर कुणालाच ऐकू जाणार नाही. पेर्सा काकूंनासुद्धा."

"तुला जाईल ना." मग शेगडीकडे बघत, "तू त्याला माझ्याआधी ऐकणार?"

 उरोशने हेडफोन खणात ठेवले आणि खण लावून घेतला.

लॅपटॉपवर दोन हिरव्या पट्ट्या होत्या. आवाज आत येत असला की त्या हलतात, एवढं त्याला माहीत होतं. त्या हलत होत्या. कधी नुसत्या थरथरत, कधी एकदम उडी मारून लाल होत. बाबांचा हात जड, त्याच्या मनात यायचं. इथे त्यांनी तार ताणली असणार. इथे खाकरले. पट्ट्या बघत तो बाबांना ऐकायचा. लाकडं आणायला अंगणात गेला तरी चाकं फिरत राहायची, पट्ट्या हलत राहायच्या.

टेपा मात्र किरकिरायच्या. चाकाजवळून बारीक कुईंऽऽ येत राहायचं, ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखं. एक टेप झाली की तो स्पिरिटमध्ये कापूस भिजवून मशीनचं डोकं, टेप ज्याला घासून जाते ते, पुसायचा. कापूस तपकिरी निघायचा. तो शेगडीत टाकायचा. पुढची टेप.

[परवानगी नाकारली.]

"हे बरंय," मिलेंको म्हणाला. "म्हणजे आता त्याला दार दिसलं. आत जाता येत नाहीये एवढंच. वाचायची परवानगी दे. लिहायची देऊ नकोस."

"का?"

"अरे, हे प्लेअर आगाऊ असतात. गाण्यांची नावं बदलतील, चित्रं बदलतील, कुठलं बटण चुकून दाबलंस तर पुसतीलसुद्धा. बाबांचं एकदाच आहे ना? मग फक्त वाचू दे. बघायचं, हात लावायचा नाही. लहानपणी तंबुरित्सेला तुझं होतं तसं."

"तुला होती परवानगी?"

"मलाही नव्हती. पण मी लावायचो हात."

उरोश हसला. बऱ्याच दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला हसले. त्याने 'वाचणे' समोर खूण केली, 'लिहिणे' समोरचा चौकोन रिकामा ठेवला, पासवर्डमध्ये आईचं माहेरचं आडनाव घातलं आणि आतल्या खोलीत पळाला.

[यादी तयार होत आहे.]

आणि मग पडद्यावर एकामागून एक बाबा उगवले. प्रत्येक फाइलला त्याने तोच फोटो लावला होता: टोपी मागे सरकवलेली, ओठांत विझलेली सिगारेट.

उरोशने आवाज शून्यावर नेला. शून्यच आहे ना, ते दोनदा बघितलं. मग पहिल्या फाइलवर बोट ठेवलं. सेकंद धावू लागले. स्पीकर गप्प, भिंतीपलीकडची पेर्सा गप्प, सेकंद धावतायत. त्याने दुसरी लावली. तीही धावली. शेवटची लावली. धावली.

त्याच्या जिवात जीव आला.

आई दारात आली होती. हाताला पीठ. तिने हात एप्रनला पुसले, तरी पडद्याला लावले नाहीत.

"तो आहे त्यात?"

"सगळे आहेत, आई. सगळे बाबा."

"ऐकलंस?"

"नाही. तुझी शपथ."

"उद्या तो आधी खाकरेल बघ," स्मिल्या म्हणाली आणि परत आत गेली. पण जाताना तिने चौकट धरली होती. उरोशला वाटलं, गुडघे दुखतायत.

[चालू.]

शनिवारी ऊन पडलं. कबरीवर पाद्र्याने धूप फिरवला, सगळ्यांनी साखर-अक्रोड घातलेल्या गव्हाचा एकेक चमचा घेतला, रात्रभर गाडी चालवून आलेल्या मिलेंकोने थडग्यावर वाइन ओतली. फाटकातून बाहेर पडताना स्मिल्याने डोक्याचा काळा रुमाल सोडला, घडी घातली, खिशात ठेवला. तिचे केस वर्षभरात पांढरे झाले होते आणि ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

टेबल बाबांच्या खोलीतच मांडलं. जेवायला घरची मंडळी, पेर्सा, आणि जोका. जोका तोझाच्या बँडमधला, उभा थोरला बेस वाजवायचा. आता त्याला स्वतःलाच उभं राहायला काठी लागायची. पेल्यांना पेले भिडवले नाहीत. प्रत्येकाने आधी राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, थेंब जमिनीवर सांडला आणि मग घोट घेतला.

"देव त्याला क्षमा करो."

"देव करेल," जोका म्हणाला. "सुरात वाजवणाऱ्याला करतो. मला करायला वेळ लागेल त्याला."

सूप झालं. मांस झालं. मग कोणीच काही वाढून घेईना. स्मिल्याने हात मांडीवर ठेवले.

"लाव."

मिलेंकोने फोन काढला, पण उरोश म्हणाला, "दादा, मी." तो उठला, आवाज वर केला आणि बाबांच्या फोटोवर बोट टेकवलं.

सूंऽऽऽ.

मग घड्याळाची टिकटिक. मग त्या सगळ्याखालून बारीक, लांबलचक कुईंऽऽऽ. मग खुर्ची सरकली.

"टेपचा आवाज आहे तो," जोका हलक्या आवाजात म्हणाला. "जुन्या टेपा अशाच."

खोलीत स्मिल्याचा आवाज आला, स्पीकरमधून, अगदी स्वच्छ:

"पाय वर घे, उरोश. पुसतेय."

टेबलावर हशा पिकला. "तोझाचं काम!" जोका म्हणाला. "मशीन चालू करून विसरायचा. आता येईल बघा." खरीखुरी स्मिल्याही हसली आणि पुढे सरकून बसली. तो आता खाकरेल.

खाकरलं कोणीच नाही. फडकं पिळल्याचा आवाज. झाकण पडलं. दार. आणि पेर्सा:

"बाहेर नुसता बर्फ. तू बसलायस होय रे? ऐक गं, तो जोका भेटला मला बेकरीत. काठी घेऊन फिरतोय. म्हटलं, आयुष्यभर बेसला टेकून झोपलास, आता काठीला टेक. वाजवत होता कधी तो? नुसता टेकायचा."

जोकाचा पेला ओठांपाशी थांबला. "पेर्सा? हे कधी बोललीस तू?"

"मी?" पेर्सा लाल झाली. "मी कशाला... आणि काठी तर तुला यंदाच आली. हे मी या हिवाळ्यात—"

 सगळ्या माना उरोशकडे वळल्या.

मिलेंकोने पुढची फाइल लावली. कुईंऽऽ. शेगडीत लाकूड तडकलं. पुढची. कुईंऽऽ. चमचा, चमचा, नाक शिंकरलं. पुढची. उरोशचा स्वतःचा आवाज, फोनवर: "हो हो, मीटर उलटा फिरतोय म्हणजे तुम्हीच तो उलटा लावलाय." पुढची.

"लॅपटॉप कुठाय?" मिलेंकोने विचारलं.

उरोशने आणून दिला. काय निघणार ते त्याला आणतानाच कळलं होतं. मधल्या दारापासून टेबलापर्यंत चालता चालता. मिलेंकोने एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, आणि तिथे साध्या अक्षरांत लिहिलं होतं: आवाज कुठून घ्यायचा — आतला माइक.

"वायर लावलीस," मिलेंको म्हणाला.

"लावली."

"आणि त्याला सांगितलं नाहीस, वायरीतून घे म्हणून."

"मला वाटलं, जोडली की येतं."

"पाणी! पाणी वाटलं तुला ते!" मिलेंकोने टेबलावर हात आपटला, पेले हलले. "सगळ्या टेपा! एकदा, एकदा तरी कान लावायचा होतास, गाढवा! कोण बसतं महिनाभर पट्ट्या बघत?"

"हे घर बसतं," स्मिल्या म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला, ऐकू नको म्हणून."

"आई, तू मधे पडू नकोस."

"मी मधे नाहीये. मीच आहे त्यात. ऐकलंस ना."

कोणीतरी रिमोटचं बटण दाबलं. खोली गप्प झाली.

"टेपा तर आहेत ना?" जोकाने विचारलं. "आणा की. लावू या. दुसऱ्यांदा वाजली तर वाजली."

उरोश कपाटाकडे गेला. वरच्या फळीवर सफरचंदासारखी बिहीची फळं ठेवलेली, त्यांच्या वासात टेपांचे डबे. वरचा डबा घेऊन तो परतला आणि टेबलावर, ब्रेडच्या टोपलीशेजारी, त्याने तो उघडला. टेपवरचा आवाज धरणारा लेप सुटून चाकाखाली पुठ्ठ्यावर तपकिरी भुकटी पसरली होती, कॉफी सांडल्यासारखी. टेपचा काही भाग तपकिरी होता. काही भाग नुसता पारदर्शक. पलीकडची ताटली दिसत होती त्यातून.

"कापसावर निघायचं हे," उरोश म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. "प्रत्येक टेपनंतर मी मशीनचं डोकं पुसायचो, तेव्हा कापूस असाच तपकिरी व्हायचा. मला वाटायचं घाण आहे. मी—"

त्याने मधल्या दारातून शेगडीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

पेर्साने छातीवर क्रॉस केला. जोका काठी शोधू लागला, ती त्याच्या हातातच होती.

स्मिल्याने खिशातून काळा रुमाल काढला. घडी उलगडली, तो मांडीवर सपाट केला, डोक्यावर घेतला, हनुवटीखाली गाठ मारली.

"आई, वर्ष झालं," मिलेंको म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

तिने ताटं गोळा केली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

[मागे जाता येत नाही.]

टेपांचे डबे उरोशने स्वतः उचलले. मिलेंको उचलायला पुढे झाला, पण उरोशने त्याला हात लावू दिला नाही; एकेक करून त्यानेच ते अंगण ओलांडून गाडीत नेऊन ठेवले, सामानाच्या जागी नाही, मागच्या सीटवर, मध्ये उशा घालून. लिंत्सला एक प्रयोगशाळा होती. मिलेंको फार आशा दाखवत नव्हता. "एखादा तुकडा निघेल," तो म्हणाला. "एखादं मिनिट. खाकरले असतील तिथलं, देव करो." मग थोड्या वेळाने, गाडीची किल्ली बोटात फिरवत, "माझ्याकडून पण झालं असतं."

"तुझ्याकडून नसतं झालं."

"नसतं," मिलेंकोने कबूल केलं. "पण तसं म्हणतात."

गाडी वळणावर गेली. पेर्साच्या खिडकीचा पडदा हलला.

उरोश आत आला, तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. बाबांच्या खोलीत पडदा उजळलेला: टोपी, सिगारेट, आणि खाली सेकंद. धावतायत. रिमोट ज्याने कोणी दाबला होता, त्याने फक्त आवाज बंद केला होता. फाइल तशीच चालली होती, एक संपून दुसरी, दुसरी संपून तिसरी, सगळी दुपार. भरल्या घरात, मुकाट्याने.

ते सगळं पुसायला हवं, असं त्याला वाटलं. पण प्लेअरला पुसायची परवानगी नव्हती. पेटीपाशी जाऊन करावं लागलं असतं. त्याआधी त्याने आवाज थोडा वर केला.

कुईंऽऽऽ.

आणि आई. या वेळी कोणाशी बोलत नसल्यासारखी. म्हणजे उरोश लाकडं आणायला गेला असणार.

"...बसलाय तुझ्यापाशी सकाळपासून. जेवायलाही उठत नाही. त्याला वाटतं, मी हट्ट करते. पेर्साच्या भीतीने." शेगडीचं दार उघडलं, लाकूड पडलं, दार लागलं. "तोझा, मला तुझा आवाज आठवत नाही. शिव्या आठवतात, आवाज नाही. आता त्यातून तू बोललास आणि मला कोणी दुसराच वाटला तर? म्हणून म्हटलं त्याला, नको ऐकूस. वर्षभर तरी. वर्षभरात आठवेल..."

बाहेरचं दार वाजलं. उरोशची पावलं. "आई, काही म्हणालीस?" "काही नाही. पाय पूस."

कुईंऽऽऽ.

मागे सावली पडली. आई दारात उभी होती, रुमाल बांधलेला, हात ओले. कधीपासून, कोण जाणे. उरोशचं बोट बटणावर होतं.

"बंद नको करूस," ती म्हणाली. "कमी कर. पेर्सा भिंतीला कान लावून असेल."

त्याने कमी केला. ती आत आली, पण तोझाच्या खुर्चीत बसली नाही. स्टूल ओढून प्लेअरसमोर बसली. स्वतःचा आवाज तिने जराही ऐकून घेतला नाही. तो येत होता तेव्हा ती खिडकीकडे बघत होती. मग मान तिरकी केली.

"ही किरकिर कसली रे? सगळ्यांतच आहे."

"ती टेप आहे, आई. चाक फिरत होतं तेव्हाची. बाबांची टेप घासत होती."

"म्हणजे हा तो वाजवतोय त्याच वेळचा आवाज?"

 टेप फिरत होती. बाबा तिच्यावर होते. ते खरवडून निघत होते.

"त्याच वेळचा," तो म्हणाला.

स्मिल्या पुढे वाकली. रुमाल कानावरून मागे सारला आणि कान स्पीकरला लावला.